वोविनाम, वो को च्युएन आणि फायटिंग गेम्स

व्हिएतनाममध्ये हाणामारीच्या विद्येला नुसतं 'वो' म्हणतात. चिनी वुशू मधला 'वू' आणि हा 'वो' मूळचा एकच शब्द. शिकणारा तो वो सिन्ह, शिकवणारा वो सू आणि जिथे शिकतात ती जागा वो दुओंग. या नोंदीत दोन गोष्टी एकत्र घेतल्यात, एक म्हणजे ही विद्या शिकतात कशी आणि दुसरी म्हणजे टेकन, स्ट्रीट फायटर, किंग ऑफ फायटर्स अशा गेम्समध्ये तिला जागा किती मिळाली. पहिलीबद्दल सांगायला भरपूर आहे, दुसरीबद्दल फार कमी, आणि मला हे कमी असणंच जास्त खटकतं, कारण वो सिन्हला जसं शिकवतात ते बघितलं तर गेमची मूव्हलिस्टच (कॅरॅक्टरच्या डावांची यादी) कोणीतरी भिंतीवर लावलीय असं वाटतं.

गावाकडची जुनी वो

वो को च्युएन म्हणजे परंपरेने चालत आलेली वो. ही एकच एक स्टाइल नाही, घराण्यांचा आणि गावांचा मोठा गोतावळा आहे. उत्तरेकडे न्यात नाम आहे, जी थान्ह होआ आणि न्घे आन भागातली म्हणून सांगतात आणि १९८३ पासून हनोईत उघडपणे शिकवायला लागले, दक्षिणेत बिन्ह दुओंगकडे तान खान्ह बा चा आहे जिथल्या लोकांनी वाघांशी झुंज दिल्याच्या गोष्टी आजही सांगतात, शिवाय उत्तरेतल्या गावजत्रांमधली 'वात' म्हणजे कुस्ती आहे, तीही लाल मातीवरची नाही पण मैदानात ढोलाच्या ठेक्यावर रंगणारीच. पण वोची भूमी म्हटलं की व्हिएतनामी माणूस एकच नाव घेतो, बिन्ह दिन्ह. मध्य किनाऱ्यावरचा हा प्रांत जुलै २०२५ मध्ये शेजारच्या गिया लाय प्रांतात विलीन झाला, तरी नाव काही लोकांच्या तोंडातून गेलेलं नाही. तिथल्या एका जुन्या लोकगीतात म्हणतात की बिन्ह दिन्हला जाऊन बघा, तिथल्या पोरीसुद्धा काठी फिरवतात आणि क्वेन करतात. क्वेन म्हणजे ठरलेल्या हालचालींची सलग मालिका, कराटेवाले जिला काता म्हणतात ती. गावांची नावंसुद्धा अशीच जोडीने येतात, काठी बघायची तर थुआन च्युएनची आणि मूठ बघायची तर आन विन्हची.

या प्रतिष्ठेच्या मागे ताय सनचे तीन भाऊ आहेत, न्गुयेन न्याक, न्गुयेन ह्वे आणि न्गुयेन लू. १७७१ मध्ये त्यांनी बंड उभारलं, पुढे ह्वे क्वांग च्युंग नावाने सम्राट झाला आणि १७८९ च्या ऐन नववर्षाच्या सणात, म्हणजे तेतमध्ये, न्गोक होई आणि दोंग दा इथे त्याने चीनच्या छिंग फौजेला पळवून लावलं. या फौजेत बुइ थी स्वान नावाची सेनापती होती, हत्तींची पलटण तिच्या हाताखाली, आणि १८०२ मध्ये ताय सनची सत्ता गेल्यावर तिला मृत्युदंड दिला गेला. बिन्ह दिन्हच्या वो दुओंगमध्ये मुली एवढ्या संख्येने असतात त्याला ही एक बाई किती कारणीभूत आहे हे मोजता येणार नाही, पण तिचं नाव तिथे ओठांवर असतं हे नक्की.

या भावांपैकी न्गुयेन लूची गोष्ट मला जास्त आवडते. तो अंगाने किरकोळ होता आणि कोंबड्यांच्या झुंजी बघायचा त्याला नाद होता असं परंपरा सांगते. एक छोटा कोंबडा मोठ्या कोंबड्याच्या पंखाखाली शिरतो, चोच चुकवतो, दमवतो आणि मग नेमका टोचतो, हे बघून त्याने हुंग के क्वेन रचली, म्हणजे कोंबड्याची क्वेन. यात घट्ट मुठीपेक्षा बोटांची चोच जास्त वापरतात, अंग खाली जातं, बाजूला सरकतं आणि घाव मऊ जागी बसतो. लूनेच ती रचली याला कागद नाही, पण क्वेन खरी आहे आणि आज देशभर शिकवायच्या ठरलेल्या दहा क्वेनमध्ये ती बसते.

जुन्या क्वेन पाठ करायला 'थ्येउ' असतात. थ्येउ म्हणजे त्या क्वेनच्या हालचालींची कविता, जड शब्दांची, चिनीतून आलेल्या व्हिएतनामी शब्दांनी भरलेली. वो सू ओळ म्हणतो, पोरं त्या ओळीची हालचाल करतात. म्हणजे शरीर विसरलं तरी जीभ आठवण करून देते. ज्या काळात लिहून ठेवणं परवडत नव्हतं किंवा धोक्याचं होतं त्या काळात विद्या टिकली ती अशीच.

आणि या गावांची मारामारी नुसती प्रदर्शनाची नव्हती. आन थायमध्ये 'दो ज्यान' नावाचा उत्सव असतो, चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमाराला, त्यात उंच मचाणावरून भाजलेलं अख्खं डुक्कर खाली टाकतात आणि वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या घराण्यांचे गडी ते पळवायला तुटून पडतात, एकाने खांद्यावर घ्यायचं, बाकीच्यांनी वाट करून द्यायची, आणि गर्दीतून बाहेर काढलं की गावाचं नाव झालं. २००६ पासून बिन्ह दिन्हमध्ये वो को च्युएनचा आंतरराष्ट्रीय महोत्सवही भरायला लागला, परदेशातल्या वो दुओंगची मंडळी तिथे आपल्या गुरूंच्या गुरूंचं गाव बघायला येतात.

वोविनाम

आता जी व्हिएतनामी मार्शल आर्ट बाहेरच्या जगाला माहीत आहे ती म्हणजे वोविनाम. ही जुनी नाही, हिला जन्मतारीख आहे, १९३८, हनोई. न्गुयेन लोक नावाच्या तरुणाने (जन्म १९१२) गावची कुस्ती आणि जुनी वो यांचा पाया घेतला, बाहेरच्या विद्यांमधलं पटलं ते घेतलं आणि एक नवा अभ्यासक्रम बांधला. देश तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. न्गुयेन लोकचं म्हणणं होतं की आधी माणसाचं मन आणि शरीर दोन्ही बदललं पाहिजे, याला वोविनामवाले मन-शरीराची क्रांती म्हणतात. १९३९ मध्ये हनोईच्या ऑपेरा हाउसमध्ये पहिलं जाहीर प्रात्यक्षिक झालं. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाल्यावर न्गुयेन लोक सायगावला गेला, १९६० मध्ये वारला, आणि पुढची जबाबदारी त्याचा शिष्य ले सांग याने २०१० पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मरणापर्यंत वाहिली. १९६४ पासून नावाला 'व्हिएत वो दाओ' ही जोड मिळाली.

वोविनामचा नमस्कार एकदा बघितला की विसरत नाही, उजवा तळहात डाव्या छातीवर, पोलादी हात आणि त्याच्याखाली दयाळू हृदय असा त्याचा अर्थ सांगतात. कपडे निळे. पट्टे निळ्यापासून सुरू होतात, मग पिवळा, मग लाल आणि सगळ्यात वर पांढरा. बाकी ठिकाणी पांढरा म्हणजे नवशिका, इथे उलटं, आणि याचं स्पष्टीकरणही सुंदर आहे, विद्या आधी कातडीत उतरते, मग रक्तात, मग हाडाच्या मगजात. आपण हाडीमाशी मुरणं म्हणतो ना, अगदी तेच पट्ट्यावर रंगवलेलं.

शिकतात कसं

सुरुवात पडण्यापासून होते. पुढे कोलांटी, मागे कोलांटी, कुशीवर पडणं, हनुवटी छातीला चिकटवून तळहात मॅटवर आपटणं, हे आठवडेच्या आठवडे चालतं आणि ज्यांना उडत्या लाथा शिकायला आलोय असं वाटत असतं त्यांना इथेच कंटाळा येतो. मग उभं राहायच्या पवित्र्यांची ओळख, ठोसे, हाताच्या कडेचे वार, कोपर, गुडघा, लाथा. याच्या जोडीला 'खोआ गो', म्हणजे सोडवणूक. कोणी समोरून केस धरले, मागून धरले, कॉलर पकडली, गळा आवळला, मागून मिठी मारली, प्रत्येकासाठी ठरलेलं उत्तर. रस्त्यावर उपयोगी पडतं ते हे, आणि पहिल्या पट्ट्यातच देतात ही या पद्धतीची समज मला फार मोलाची वाटते.

इथून पुढे अभ्यासक्रम नंबरांवर चालतो. 'च्येन लुअक' म्हणजे डावपेच, दोन-तीन वार आणि पावलं जोडून केलेले हल्ल्याचे छोटे तुकडे, नंबर १ ते ३०. वो सू नुसता आकडा ओरडतो आणि अख्खी रांग तो तुकडा मारते. मग समोरच्याच्या ठोशाला, लाथेला द्यायची उत्तरं वेगळी. मग 'सोंग लुयेन', दोघांनी मिळून करायची ठरलेली लढत, सुरीसकट वगैरे. आणि मग वोविनामची ओळख असलेल्या 'दोन चान' (इथला 'दोन' हा आकडा नाही, व्हिएतनामी शब्द आहे), पायांच्या हल्ल्यांचा संच, १ ते २१. ज्याने कधी फायटिंग गेमच्या प्रॅक्टिस मोडमध्ये एकच कॉम्बो (जोडून मारायच्या वारांची मालिका) दोनशे वेळा मारलाय त्याला ही रचना लगेच ओळखू येईल, तुकडा छोटा, नंबर ठरलेला, हाताला सवय होईपर्यंत तोच, आणि मग लढताना विचार न करता बाहेर येतो.

दोन चान नीट सांगायला हवं. खालच्या पातळीवरचा प्रकार असा, हल्ला करणारा बाजूने झेपावतो, एक हात जमिनीवर टेकतो, एक पाय समोरच्याच्या पोटाच्या किंवा मांड्यांच्या पुढून आडवा जातो, दुसरा गुडघ्यांच्या मागून, आणि कमरेतून पीळ दिला की कैचीत सापडलेला माणूस पाठीवर जातो. वरचा प्रकार म्हणजे तोच खेळ मानेवर. धावत यायचं, उडी, हवेतच अंग आडवं, एक पाय गळ्याच्या पुढून, एक मागून, आणि उतरताना वजन आणि पीळ दोन्ही एकदम. बघणाऱ्याला उडणारा दिसतो, पण खरी परीक्षा उभ्या असलेल्याची असते, त्याने अंग ताठ ठेवलं तर मान किंवा गुडघा जाईल, त्याला पिळाच्या दिशेने स्वतः वळून, अर्धा क्षण आधी मनाने पडून मग अंगाने पडावं लागतं. १३व्या शतकात मंगोल स्वारांना घोड्यावरून खाली ओढायला हे डाव निघाले असं सांगतात, ती कथा म्हणूनच घ्यावी.

ही कैची धोक्याची आहे हे ज्युडोवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यांच्याकडे तिला कानी बासामी म्हणतात, खेकड्याची कैची, आणि १९८० मध्ये जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुमिओ एन्दोने हा डाव टाकला तेव्हा यासुहिरो यामाशिताचं पायाचं हाड मोडलं, पुढे स्पर्धांमध्ये तो डावच बंद झाला. वोविनामने तो बंद न करता सांभाळून ठेवला, ठरलेल्या जोडीदारासोबत, नंबराने, आधी पडायला शिकवून. साउथ ईस्ट एशियन गेम्समध्ये, जिथे २०११ पासून वोविनाम आली, दोन चानच्या प्रात्यक्षिकाला वेगळं मेडल असतं.

आज वोविनाम शिस्तीत कुठे शिकवली जाते म्हणाल तर एक जागा म्हणजे एफपीटी युनिव्हर्सिटी, व्हिएतनामच्या मोठ्या टेक कंपनीने काढलेली ही युनिव्हर्सिटी, तिथे वोविनाम हा सक्तीचा विषय आहे. म्हणजे सकाळी कोड लिहिणारी पोरं दुपारी निळ्या कपड्यात मॅटवर कोलांट्या मारतायत.

गेम्समध्ये

आता स्क्रीनकडे. मोठ्या सिरीजमध्ये व्हिएतनामी म्हणून ठळक आठवणारं कॅरॅक्टर एकच, किंग ऑफ फायटर्स १४ (२०१६) मधली लुआंग. तिचा सगळा खेळ पायांचा, लांब पल्ल्याच्या चाबकासारख्या लाथा, लांबून अडवायचं आणि जवळ येऊ द्यायचं नाही. पण तिची टीम बघा, किम काफ्वान आणि त्याचा गुरू गांग-इल, दोघंही कोरियन, दोघंही तायक्वांदोवाले. देश व्हिएतनाम, संगत तायक्वांदोची, आणि वोविनाम ज्याने ओळखली जाते ती उडती कैची काही तिच्या खेळाचा कणा नाही. खेळायला मजा येते, माझा आक्षेप तिच्यावर नाहीच, फक्त तिला बघून कोणाला व्हिएतनामी वो कळणार नाही एवढंच.

गंमत म्हणजे कैची गेम्समध्ये आहे. स्ट्रीट फायटरची कॅमी, १९९४ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो पासून, गोळा होऊन हवेतून येते आणि पायांनी मान धरून आपटते. हुलिगन कॉम्बिनेशन म्हणतात त्याला. पण कॅमी ब्रिटिश, स्पेशल फोर्सेसवाली. डाव पोचला पण गावाचं नाव रस्त्यात पडलं.

असं का झालं याचं उत्तर बऱ्यापैकी सरळ आहे. हा गेम प्रकार वाढला जपानमध्ये, साधारण १९८७ ते १९९७ या दहा वर्षांत, आणि बनवणाऱ्यांनी जे आसपास होतं आणि जे सिनेमात गाजलं होतं ते घेतलं. कराटे, ज्युडो घरचं. ब्रूस लीमुळे कुंग फू, म्हणून टेकनमध्ये मार्शल लॉ नावाचा लढवय्या आणि स्ट्रीट फायटरमध्ये फेई लाँग. मुआय थाईचं जपानशी रिंगमधलं जुनं नातं, म्हणून पहिल्याच स्ट्रीट फायटरमध्ये सागात. व्हर्चुआ फायटरच्या अकिरामुळे बाजीछ्वान या चिनी विद्येचं नाव लाखो पोरांना कळलं. व्हिएतनाम त्याच काळात १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर नुकता दार उघडत होता, अमेरिकेशी संबंध सुरळीत झाले तेच १९९५ ला. बाहेर जो व्हिएतनाम दिसत होता तो युद्धाच्या सिनेमांमधला, जंगल आणि हेलिकॉप्टर, वो दुओंग त्यात कुठेच नव्हतं. आपल्याला हे दुखणं नवीन नाही, १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये भारताच्या वाट्याला आला तो रबरासारखे हातपाय लांबवणारा धालसिम, कुस्तीचा पैलवान आला नाही आणि कळरीवालाही आला नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं मला. टेकन ३ (१९९७) मधला एडी गोर्डो आठवा, ज्याच्यामुळे जगभरची पोरं कापोएरा (ब्राझीलची नाचत लढायची विद्या) हा शब्द शिकली. त्याच्या हालचाली मार्सेलो पेरेरा या खऱ्या कापोएरा मेस्त्रेच्या, म्हणजे गुरूच्या, अंगावरून मोशन कॅप्चर केल्या होत्या, म्हणजे त्याच्या खऱ्या हालचाली टिपून गेममध्ये घातल्या होत्या. त्याच गेममधला ह्वोआरांग, तो ह्वांग सू-इल या तायक्वांदो मास्टरच्या अंगावरून. म्हणजे एक खरा माणूस स्टुडिओत गेला आणि त्याच्या पाठीवर बसून अख्खी विद्या गेममध्ये आली. वो सूला तसं बोलावणं आलं असतं तर आज चित्र वेगळं असतं.

व्हिएतनामी माणूस मात्र गेमच्या जगात दुसऱ्या वाटेने शिरला. कुंग ले, जन्म १९७२ चा सायगावचा, १९७५ मध्ये कुटुंबासोबत देश सोडून अमेरिकेत गेलेला. सान्दामध्ये, म्हणजे चिनी किकबॉक्सिंगमध्ये, तो नाव काढून होता ते त्याच्या उडत्या कैचीमुळेच, पुढे २००८ मध्ये फ्रँक शॅमरॉकला हरवून स्ट्राइकफोर्स या अमेरिकन एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) संघटनेचा मिडलवेट चॅम्पियन झाला आणि २०१० च्या टेकन सिनेमात मार्शल लॉ झाला. कैची मारणारा सायगावचा माणूस, पण रोल ब्रूस लीच्या छापाचा, मला तर हे एक उदाहरणच सगळी नोंद सांगून जातं असं वाटतं.

आणि देशातल्या देशात? तिथल्या एका पिढीचं पहिलं मोठं ऑनलाइन वेड म्हणजे २००५ मध्ये आलेला वो लाम च्युएन की. नावात वो आहे, पण गेम चिनी कंपनीचा, पंथ चिनी, शाओलिन आणि वुदांगवाले. २०२२ मध्ये हनोईला साउथ ईस्ट एशियन गेम्स झाले तेव्हा वोविनाम आणि इस्पोर्ट्स दोन्हीला मेडल होती, पण इस्पोर्ट्सच्या यादीत फायटिंग गेम एकही नव्हता, २०१९ ला फिलिपीन्समध्ये टेकन ७ होता तोही गेला.

भारतात वोविनाम शिकवणारे क्लब आहेत, आणि २०१७ ची जागतिक स्पर्धाही दिल्लीतच झाली. इथे शिकायचं असेल तर क्लासला विचारायचा पहिला प्रश्न हाच की मॅट किती जाड आहे आणि कैचीला हात लावायच्या आधी किती महिने पडायला शिकवता. घाई करणाऱ्याकडे जाऊ नये. गेम बघून आलेल्यांना हे सांगावंच लागतं, कारण स्क्रीनवर मानेवर आपटलेला कॅरॅक्टर पुढच्या सेकंदाला उभा राहतो.

वोविनाम गेममध्ये आणायची तर उडती कैची बहुतेक कमांड ग्रॅब होईल, म्हणजे ब्लॉक करता न येणारी पकड, सुरू व्हायला थोडा वेळ, खाली बसलं की चुकते, चुकली की मारणारा जमिनीवर उघडा. हिशोब सोपा आहे, अडचण अॅनिमेशनची आहे. पकडीत दोन अंगं एकमेकांना चिकटून फिरतात, आणि टेकनमधल्या जॅक एवढ्या धिप्पाड गड्याची मान आणि शाओयू एवढ्या छोट्या मुलीची मान एकाच कैचीत बसवायची म्हणजे प्रत्येक जोडीसाठी पाय कुठे येतो ते वेगळं बघावं लागतं. म्हणून स्टुडिओत एकटा वो सू नेऊन भागणार नाही, वर्षानुवर्षं सोंग लुयेन एकत्र केलेली जोडी न्यावी लागेल, आणि त्या दोघांत पडणारा जास्त कसलेला लागेल.